बाविसावा रकाना

तिसऱ्या दिवशीही नानांनी स्टोव्ह गाडीतून उतरवू दिला नाही.
डिकीत पातेलं, चमचा, तूरडाळीचा डबा.
माझ्या मांडीवर लॅपटॉप, त्यात एकवीस रकाने:
जमिनीचा दर, विजेचा दर, महामार्ग किती लांब,
तूर कुठून येणार, डाळ कुठे जाणार,
मजूर, पाणी, सवलत, सवलतीची मुदत.
प्रत्येकाला शंभरातलं वजन दिलेलं.
"वजन मला शिकवतेस?" नाना म्हणाले,
उभा जन्म काट्यापाशी गेलेला माणूस.

जळगावची मिल हलवायलाच हवी होती.
आमची चुनी उडते ती नव्या घरांच्या गॅलऱ्यांत,
वाळत घातलेल्या शाळेच्या शर्टांवर.
नोटीस आली, तिच्यावरही बोटभर धूळ.

पाचोऱ्याला डाळ अठरा मिनिटांत शिजली.
भूखंड मात्र रुळांपलीकडे,
आम्ही तिथे असताना फाटक तीनदा पडलं.
नानांनी अडकलेले ट्रक मोजले, अकरा,
आणि डाळ तिथल्या कुत्र्याला घातली.
मुक्ताईनगरला तूर दारात, विदर्भ हाकेवर,
पण जमीन चार भावांची, एक सुरतेला,
तो फोनवर फक्त "बघू" म्हणतो.

मग नरडाणा. भर दुपार.
एकच कडुनिंब, तोही कुंपणाबाहेर.
माझ्या तक्त्यात सगळ्यांच्या वर नरडाणा:
रस्ता रुंद, लाईन जोरदार, दर निम्मा,
सवलतीचा रकाना हिरवागार.
पस्तीस मिनिटं झाली. डाळ पाण्यात खड्यांसारखी वाजत होती.
"खारं," नाना म्हणाले.
मी म्हटलं, आपण डाळ भरडणार आहोत, शिजवणार नाही.
"आणि हमाल काय तुझा लॅपटॉप पिणार?"

चौकीदाराची बायको आली, रेवाबाई.
"आठे काय शिजी राह्यनं?"
पातेल्यात डोकावली, हसली, काही न बोलता गेली,
आणि कळशी घेऊन आली.
"हाई टाकी दखा. इहीरनं पानी शे."
वीस मिनिटांत वरण.
ती दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवून
पुन्हा निंबाखाली जाऊन बसली.

जेवता जेवता नाना म्हणाले,
दिवाळीच्या आदल्या रात्री रोलरचं बेअरिंग बसलं होतं,
तू तेव्हा पाळण्यात.
अख्तर मिस्त्रीचं शटर वाजवलं, तो लुंगीवर आला.
बेअरिंग कुठलं? शेजारच्या झोपेंच्या मिलमधलं.
दर पाडून आपली नागपूरची गिऱ्हाइकं नेली, तेच झोपे.
बेअरिंग दिलं, आणि सात वर्षं ते बोलून दाखवलं.
"इथे रात्री दोनला कोणाला उठवायचं?"

मी रकाने वर-खाली फिरवले.
जवळचं रुग्णालय होतं, विमानतळ होता,
अग्निशमन केंद्र किती मिनिटांवर, तेही होतं.
सगळ्या मिलवाल्यांनी एकाच गल्लीत एकमेकांच्या नाकाला
मिरच्या झोंबवत का बसावं,
हे मला कॉलेजात शिकवलं होतं, आकृती काढून.
त्या आकृतीत लुंगी नव्हती.

बाविसावा रकाना उघडला.
वजन किती द्यावं कळेना, रिकामं सोडलं.
नरडाण्यापुढे लिहिलं: रेवाबाई.
नानांनी चष्म्यावरून वाचलं.
"ती विहीर दाखवेल. बेअरिंग नाही बसवणार."
"विचारलंत का?"
नाना गप्प.

अर्जाची मुदत सोमवारी संपते.
नाना नळावर पातेलं घासत होते,
साबणाला फेस येत नव्हता.
तरी घासत राहिले, कडेकडेने,
आणि मध्येच, तिकडे न बघता, निंबाकडे ओरडले,
"बाई, तुमचा पोरगा काय करतो?"