काळा

फिरकेसाहेब रिटायर होतायत.
केक इंजिनाचा, उद्या अकराला.
"काळाकुट्ट हवा हं," मुलगी फोनवर,
"मागचा उंदरासारखा निघाला होता."

भुसावळचा मे. कूलरपुढेही क्रीमला घाम.
पांढऱ्यात काळा टाकला, झाला राखाडी.
आणखी टाकला, ओलं सिमेंट.
अर्धी बाटली गेली; चाखलं तर कडूजहर.

दुसरं भांडं. आधी कोको,
मग निळा, सुईच्या टोकावर लाल,
काळा सगळ्यात शेवटी.
तरीही तपकिरीच. मला हवा होता
कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या
वांग्याच्या सालीचा.

मसाला कुटून परतणाऱ्या मथुरामावशी
दारातूनच म्हणाल्या,
"ऱ्हाऊ दे व माय, रातभर.
रंगले बी नीज लागस."

झाकण लावलं. पहाटे फ्रीज उघडला:
आत बोगदा.

साहेब केकपुढे गप्प.
"मी जन्मभर विजेचंच चालवलं, बेटा.
काळं माझ्या बापाचं. कोळशाचं."
मग चाकावरून बोट फिरवलं,
चाटलं,
आणि जीभ बाहेर काढून
आरशात बघायला गेले.