मॉडेलमधला डोंगर

रास अल खैमा. पहाटेचे साडेतीन.
सातला माणसं येणार, खसबला जायचंय.
बोटीच्या पोटात, लॅपटॉपच्या उजेडात
दोन वारे शेजारी शेजारी मांडून बसलेय.

युरोपियन म्हणतं, वायव्य, बारा नॉट, संध्याकाळी चौदा.
अमेरिकन म्हणतं, बावीस, आणि तेही दहालाच.
समुद्र एकच. शनिवार एकच.

नवी होते तेव्हा मी हवा तो अंदाज निवडायची,
म्हणजे मला जो हवा असायचा तो.
एकदा महागात पडलं:
शिडाची दोन भकलं,
आणि ओकून ओकून हिरवी पडलेली एक भूलतज्ज्ञ.

आता आधी कालचं काढते.
आजच्या पहाटेबद्दल काल कोण काय बोललं होतं?
धक्क्यावरचं भिरभिरं आत्ता काय म्हणतंय?
अमेरिकन नेहमीच चढवून सांगतं.
पण फेब्रुवारीतला शमाल त्यानंच आधी सांगितला,
अठरा तास आधी,
आणि मी हसले होते. वहीत आहे.

मग पन्नास धाग्यांचा तक्ता:
तोच वारा, सुरुवात केसभर बदलून
पन्नासदा सोडलेला.
आठपर्यंत सगळे धागे वेणीत.
साडेनऊला वेणी सुटते.

आणि मुसंदम.
नऊ किलोमीटरचा एक चौकोन,
त्यात एक कडा, दोन खाड्या, बकऱ्या, मशिदीचा दिवा,
सगळ्यांची सरासरी काढून
मॉडेलनं तिथे एक टेकाड ठेवलंय.
त्याच्यावरून वारा गुमान निघून जातो.
खरा वारा घळीत शिरतो, चेपतो,
आणि खाडीच्या तोंडाशी
खांद्यानं दार उघडल्यासारखा येतो.

डिझेल पंपावरचा खलफान म्हणतो,
दोन दिवस कौस आहे, दमट. तो मेला की शमाल.
किती वाजता, ते तुझ्या डब्याला विचार.
त्याचंही चुकतं. मार्चमध्ये चुकलं.
फक्त तो लिहून ठेवत नाही.

चार वाजता पत्रावळीसारखी चिकट हवा
एकदम थांबते. दोर खांबाला आपटायचे बंद.
बॅरोमीटरवर टिचकी मारते. काटा खाली.

शीड एक घडी आखडून बांधते, मगच फोन लावते.
"बिजू, खसब नाही. साडेपाचला या,
रम्सपर्यंत जाऊ, नऊच्या आत परत."

पलीकडे जांभई, मग बोट सरकल्याची शांतता.
"पण मॅडम, माझ्या ॲपमध्ये तर
नुसता सूर्य दाखवतोय."

हो, म्हटलं.
सूर्य असणारच आहे.