नऊ सेकंद

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये स्विचगिअरची लाइन,
अकरा टेबलं,
एका टेबलाला बावन्न सेकंद.
हा आकडा माझा.
पाळीतली मिनिटं भागिले मागणी,
चहाची दहा आधीच वजा.

पाचव्या टेबलावर जशीबेन राठवा.
एकसष्ट.
डाव्या हाताला ट्रेवर ट्रे चढत जातात,
आणि उजवीकडे सहाव्या टेबलाची वृषाली धारकर
रिकाम्या पट्ट्याकडे बघत
नखांचा रंग खरवडते.

तीन दिवस त्यांच्या पाठीशी उभा राहिलो,
हातात घड्याळ, काखेत पॅड.
स्प्रिंग उचलली, बसवली,
दोन स्क्रू, एकोणीस सेकंद,
आणि त्याआधी काहीतरी:
पितळी पट्टीवरून अंगठा फिरतो,
थांबतो, दाबतो.
नऊ.
यादीत नाव नसलेलं काम.

ते मी काढून टाकलं.
माझा आलेख असा सपाट झाला
की वर पाण्याचा थेंब ठेवावा, हलणार नाही.
साहेबांनी तो काचेखाली लावला.

गुरुवारी टेस्टिंगला सतरा नग नापास.
शुक्रवारी तेवीस.
संपर्क टेकत नव्हता,
पट्टी केसभर वाकडी.

चौथ्या टेबलावर मुबीन.
आधीच्या कंपनीत प्रेसखाली गेलेलं त्याचं मधलं बोट
वळत नाही.
पट्टी बसते, पण त्या बोटाच्या बाजूला कलून.
हे मला शनिवारी दिसलं,
जशीबेनना दीड वर्षापासून माहीत होतं.

आधी का नाही सांगितलंत?
"साहेब, तमे पूछ्युं क्यां?
तमे तो घडियाळ जोता हता."
आणि पुढची स्प्रिंग उचलली.

नवा तक्ता करायला बसलो तर
त्या कामाला नाव सुचेना.
खरं नाव लिहिलं असतं
तर सोमवारी चौथ्या टेबलावर दुसरं कोणी दिसलं असतं.
शेवटी लिहिलं: पट्टी तपासणे. नऊ सेकंद. टेबल पाच.
एक स्क्रू वृषालीकडे सरकवला.
दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

लाइन आता त्रेपन्नवर चालते.
एक सेकंद कुठे गेला, साहेब विचारतात.
शोधतोय, म्हणतो.

मुबीनला यातलं किती ठाऊक, कळायला मार्ग नाही.
त्याचे ट्रे मात्र हल्ली
पट्ट्यांचं तोंड त्यांच्या अंगठ्याकडे करून येतात.
अर्धा सेकंद वाचत असेल.
मोजला नाही.