काल काय खाल्लं

फॉर्मवर सहा चौकोन होते.
धान्य, डाळ, पालेभाजी, दूध, फळ,
आणि शेवटचा अंडं-मांस-मासळीचा.
वर ठळक अक्षरांत सूचना :
काल दिवसभरात काय खाल्लं ते विचारून खूण करावी.
नीलम नगरात माझ्या वाट्याला
साठीपुढची एकशे बारा माणसं.

रामुलू बिटला दारातच बसलेले.
ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं, त्यांनी पाय आत ओढून घेतलेले.
"काल ना? लिहा की.
सकाळी उप्पीट, वर शेव.
दुपारी ज्वारीचं भाकरी, गोंगूरा,
तुमच्यात अंबाडी म्हणतात बघा,
त्यात लसणाचं फोडणी जरा करपवलेलं.
तुरीचं आमटी, चिंच घालून.
दही. एक पेरू, अर्धा अर्धा.
आणि रविवार म्हणून मटण."

मी भराभर खुणा करत गेले.
सहापैकी सहा.
सबंध गल्लीत असं कुणाचं झालं नव्हतं.
मग पेन थांबलं.
काल मंगळवार होता.
आणि पेरू अर्धा अर्धा कुणाबरोबर?

पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले.
गॅसवर एक चहाचं पातेलं, काठाला साय वाळलेली.
डब्यात टोस्ट.
फळीवर कडक भाकरीचा गठ्ठा, पाच-पाचची पाकिटं,
चहात बुडवून मऊ करायची,
कारण खालचे दात तीन, तेही एका बाजूला.
शेंगाचटणीची बरणी,
तिच्यावर कुणीतरी सुईदोऱ्याच्या बारीक अक्षरात
तेलुगूत काहीतरी लिहिलेलं.
मला वाचता आलं नाही.

बाहेर आले तर म्हणाले,
"ती नर्सूबाईच्या हातचं अक्षर.
चटणी आता दुकानातलं भरतो. बरणी तेच."

मी काही बोलले नाही.
तेच बोलत राहिले, मागाबद्दल.
एकतीस वर्षं पॉवरलूमवर, रात्रपाळी.
"धोट्यातलं कांडी संपतं ना,
तरी माग चालूच राहतं. खट खट, खट खट.
कानाला कळत नाही.
हातभर कापड पुढं गेल्यावर बघावं
तर उभं सूत नुसतं, आडवं काहीच नाही.
मालक पगारातनं कापायचा."

वजन एक्केचाळीस किलो.
मागच्या खेपेला सेहेचाळीस होतं.
त्यांनी काट्यावरून उतरून काट्यालाच दोष दिला.

फॉर्म पेनानं भरलेला, खोडता येत नव्हता.
मी नवा घेतला.
धान्याच्या चौकोनात एक खूण. दुधाच्या चौकोनात
चहातलं दूध धरावं की नाही, ते सूचनेत नव्हतं.

फळ सांगावं तर महाग, अंडं सांगावं तर
"एकट्यासाठी कशाला पातेलं घासायचं?"
हे वाक्य मी त्या आठवड्यात
नऊ वेगवेगळ्या दारांत ऐकलं,
मराठीत, तेलुगूत, कानडीत, उर्दूत.
घासायचं पातेलं मात्र सगळीकडे एकच.

मग शनिवारी बंद पडलेल्या कारखान्याच्या कट्ट्यावर
तिघांना बसवलं. समजुतीनं नाही, जरा दमच दिला.
इरण्णा बिराजदारांकडे मोठा कुकर.
गफूरचाचांकडे वरचे-खालचे दात, नवे, म्हणून चव बघायचं काम.
रामुलूंकडे ती रेसिपी, जी त्यांनी कधीच केली नव्हती,
फक्त एकतीस वर्षं डबा उघडून वासावरून पाठ केली होती.

पहिली अंबाडी कच्ची राहिली.
दुसरीत मीठ दोनदा पडलं.
डाळ कुठली, यावरून गफूरचाचा
पुढच्या शनिवारी आलेच नाहीत,
त्याच्या पुढच्या शनिवारी कोथिंबीर घेऊन आले.

काल पुन्हा फॉर्म घेऊन गेले.
"काल काय खाल्लं?"
रामुलू बराच वेळ आठवत बसले.
मला भीती वाटली, आता परत मटण येतं की काय.
"अंबाडी," म्हणाले, "तूर टाकून.
चांगलं नव्हतं झालं.
लसूण करपवायचं राहिलं."

मी पालेभाजी आणि डाळ, दोन्हींवर खूण केली.
करपलेल्या लसणाला फॉर्मवर
जागाच नव्हती,
म्हणून समासात लिहून ठेवलं.