नालांचं पाणी

धंतोलीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
आईनं खालची पापणी स्वतःच ओढून दाखवली डॉक्टरबाईंना.
"पाहा ना, रंग उतरला."
चाळीस वर्षं मागाच्या पावड्या दाबलेली बाई,
तिला कच्चा रंग कळतो.

गुडघा नवा आहे. एक्स-रेत लखलखतो,
आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू.
पण वॉकर धरून उभी केली की
तिसऱ्या पावलाला तिचे ओठ कोऱ्या सुतासारखे होतात,
कानात भुंगे शिरतात म्हणते,
आणि मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
कूलर बंद कर म्हणते.

रिपोर्टवर आठ पूर्णांक एक.
ऑपरेशनआधी साडेदहा होतं.
तेही कमीच, डॉक्टरबाई म्हणाल्या,
तेव्हाच कुणीतरी बघायला हवं होतं.
कुणीतरी म्हणजे मी.
फाइल माझ्याच पिशवीत होती.

गोळ्यांनी पोटाचा दगड झाला.
आणि गोळीनंतर दोन तास चहा नाही
ही अट तिनं एकदाही पाळली नाही.
रक्ताची पिशवी सध्या नको,
लोह देऊ, शिरेतून.

सिस्टर लिझीनं बाटली टांगली.
तपकिरी, काळपट, उजेडाकडे पाठ केलेलं पाणी.
आई बघत राहिली नळीकडे,
मग हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.
"हे त नालांचं पाणी व्हय, बाप्पा."

तिचे वडील इतवारीत
टांगेवाल्यांकडून घोड्यांचे झिजके नाल आणायचे,
गुळाच्या पाण्यात बुडवून
मडकं झाकून ठेवायचे पंधरा दिवस.
गल्लीभर वास. शेजारणींच्या शिव्या.
त्या पाण्यानं काठ काळा व्हायचा,
लुगडं विरून जायचं, काळा जायचा नाही.

थेंब, थेंब.
पाऊण तास तिच्या दंडातून
टांगे जात राहिले. मी मोजत होते,
शंभरानंतर चुकले.

"फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील."
"मडक्यालेही लागत," आई म्हणाली,
"मधात झाकण नाही उघडाचं."

आज नववा दिवस.
मधात झाकण उघडायचं नसतं, तरी
ती आरशापर्यंत गेली, अकरा पावलं,
भिंतीला हात न लावता.
पापणी ओढली. पुन्हा ओढली.
मी विचारलं, काय वाटतं?

"ट्यूबलाइटात रंग पाहत नाही कोणी," ती म्हणाली.
"अंगणात ने मले."