निळा लागला नाही

एडक्याच्या छातीवर पट्टा आवळून
मी त्यात गेरूचा ठोकळा बसवते, नोव्हेंबरच्या तीन तारखेला.
वेल्सच्या या डोंगरावर चारलाच दिवे लागतात.
रात्र त्याआधीच कामाला लागलेली असते:
मेंढ्यांच्या मेंदूत, वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीत बसून
जूनपासून ती स्वतःची लांबी मोजते आहे,
रोजचं वाढतं माप रक्तातून खाली कळवते आहे.
आम्ही म्हणतो, माजावर आल्या.
आम्हाला काय, आम्ही फक्त पुठ्ठे बघतो.

नंबर बासष्ट. डाव्या कानाला खाच, स्वभाव खवट,
गेल्या दोन्ही वर्षी उलटलेली.
सहा तारखेच्या सकाळी तिच्या पुठ्ठ्यावर लाल.
मी वहीत लिहिलं. वही वडिलांची, अक्षर माझं.

पुढचा हिशेब सतरा दिवसांचा.
बीज सुटून गेलं त्या जागी एक पिवळी गाठ धरते,
पीतपिंड म्हणतात डॉक्टर.
कुणी येणार असल्यासारखी
ती एकटी सगळं घर लावून ठेवते.
गर्भाशय वाट बघतं. किती? तेरा दिवस, फार तर चौदा.
मग त्याच्याच भिंतींतून एक रस सुटतो
आणि गाठ विझवून टाकतो. पुन्हा माज, पुन्हा पहिल्यापासून.
यात दुष्टावा नाही.
कुणी नाही, हे त्याचं गृहीत आहे.
आहे म्हणायचं तर कुणीतरी बोललं पाहिजे,
आणि वेळेत.

बोलणारं कोण, तर दोरा.
नवव्या दिवशी टाचणीच्या डोक्याहून लहान,
मग एकाएकी लांबत गेलेलं, वीतभर होऊ घातलेलं,
अजून काळीज नाही, तोंड तर नाहीच,
तरी अंगातून एक प्रथिन झिरपवत राहतं भिंतीवर.
त्याचा अर्थ एवढाच: सुरू करू नकोस.

एकोणीसची रात्र, म्हणजे तिचा तेरावा दिवस.
मी चुलीपाशी बुटाचा तळ चिकटवत होते.
लिव्हरपूलहून इथेलचा फोन.
वरच्या कुरणाला गिऱ्हाईक आलंय म्हणाला,
झाडं लावणारी कंपनी, भाव चांगला.
"परवापर्यंत तुझं काही आलं नाही, तर होच समजतो."
मी म्हटलं, बघू.
बूट दाबून धरून बसले, गोंद सुकेपर्यंत, त्यानंतरही.

वीस तारखेला ठोकळा बदलायचा. लाल काढून निळा.
एडका लाथाळला, मी कोपरापर्यंत निळी.
आमच्याकडे रेंज फक्त फाटकाच्या खांबापाशी.
तिथे उभी राहून, फोनला निळी बोटं लावत म्हटलं,
"इथेल, नको."
"कारण?"
"कारण नंतर. आत्ता नुसतं नको."

बावीस. तेवीस. चोवीस.
चौदा जणींवर लालावर निळा आला,
पावसात ओघळून जांभळा झाला.
बासष्ट कुंपणाशी रवंथ करत उभी,
तिचा लाल फिका पडत चाललेला, त्यावर काही नाही.
एडका एकदा हुंगून गेला. तिनं शेपूटसुद्धा हलवली नाही.
मी तिचा रकाना तसाच ठेवला.
पेन्सिल टेकवायचीही भीती वाटली.

जानेवारीच्या अखेरीला इडवल आला ट्रेलर घेऊन.
तो खाली बसतो, मेंढीच्या पोटाला यंत्र लावतो,
पडद्यावर राखाडी ढवळाढवळ. तो आकडा ओरडतो,
मी पाठीवर रंगाचा ठिपका मारते.
एक. दोन. एक. रिकामी. दोन.
बासष्टपाशी त्याचा हात थांबला,
मागे गेला, परत आला.
"दोन होती. एक केव्हाच थांबलंय.
दुसरं ठीक. मार्चअखेर."

मी विचारलं, मग त्या रात्री
बोललं कुणी?
"काय?" म्हणाला तो, यंत्राचा आवाज मोठा होता.
"ठिपका मार बाई. पुढची सोड."