माळ्याचं तोंड

सुरतेत वेल्डिंग शिकून आलेल्या रोहिदासने
आमच्या धरणगावच्या घरात
घडीचा जिना बसवला. दोरी ओढली की खाली,
ढकलला की वर, आणि छताला
एक चौकोनी तोंड.

पौषात ते तोंड श्वास ओढायला लागलं.
शेगडीपाशी आम्ही कुडकुडायचो,
वर पत्र्याखाली पारवे मजेत.
मी फटीशी अगरबत्ती धरली.
धूर वळला, सरळ वर गेला,
कुणी नाव घेऊन बोलावल्यासारखा.
"वहिनी, ऊब वर जाई ऱ्हायनी,"
रोहिदास म्हणाला, जणू जिना मीच बसवला होता.

मग जिनिंगवरून आणला
झाडून काढलेला कवडी कापूस,
खताच्या गोणीत भरला, दाभणाने टाके घातले.
खालून प्लायचं झाकण,
कडेने सायकलची जुनी ट्यूब, दोन कड्या.
मापात एक बोट चुकलं,
तिथे सासऱ्यांचं विरलेलं धोतर कोंबलं.

रात्री पुन्हा अगरबत्ती.
धूर जागच्या जागी घुटमळला,
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
रेवाने झोपेतच पांघरूण लाथाडलं.

फक्त पहाटे
पारव्यांचं घुमणं येईना.
रोज ते होतं
हेही तेव्हाच कळलं.

आता दूध वर येईपर्यंत
मी स्टुलावर चढते, एक कडी काढते,
झाकण बोटभर खाली सोडते.
थोडी ऊब जाते.
जाऊ दे.